लॉकरमधलं लोखंड

भोसरी,
१८ ऑगस्ट २०२५

श्री. नवाब मुजावर यांस,

जय भीम. तुझा सलामही मीच तुझ्या वतीनं घेऊन टाकला आहे, तेव्हा ते देणंघेणं मिटलं.

तू माझा फोन ब्लॉक केलास. कर. पोस्टमनला ब्लॉक करायचं बटण अजून कुणी काढलेलं नाही, म्हणून हे पत्र. पाकिटावरचं अक्षर बघून फाडायला निघाला असशील तर आधी झुलेखावहिनींच्या हातात दे. त्या वाचल्याशिवाय काही फाडू देत नाहीत, दुधाचं बिलसुद्धा.

समेटासाठी लिहीत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तू भोसरी सोडून मिरजेला गेल्याला सहा वर्षं झाली. माझं काही अडलेलं नाही. शेड चालू आहे, प्रितमनं कॉम्प्युटरवर चालणारी दोन मशिनं घेतली, माझा पोरगा असूनही मला विचारून घेतली. काम आहे ते लॉकरचं.

आपल्या बँकेची पिंपरीची शाखा मोशीला हलते आहे. तिकडं काचेची इमारत उभी राहिली. लॉकरवाल्यांनी तीस सप्टेंबरच्या आत येऊन नव्या करारावर सह्या करायच्या आणि आतला ऐवज काढून न्यायचा, नाहीतर बँक लॉकर फोडणार. हे मला बँकेनं सांगितलं नाही. शेजारच्या शेडमधल्या हिंदुरावांनी सांगितलं, चहा पिता पिता. शाखा उघडली त्या वर्षापासूनचा मी गिऱ्हाईक. आपल्या गल्लीतल्या निम्म्या शेडवाल्यांची खाती मी हात धरून तिथं उघडून दिली. तेव्हा बँक एवढी मोठी नव्हती, मॅनेजर मारुतराव साहेब स्वतः लुनावरून गल्लीत यायचे. आता ती बँक दुसऱ्या तीन बँका गिळून बसली आहे आणि मला साधा मेसेज नाही. चौकशी केली तर म्हणे मेसेज पहिल्या नावावर गेले. पहिलं नाव तुझं. म्हणजे तुला सगळं कळलेलं आहे आणि तू गिळून गप्प बसला आहेस. शाब्बास.

लॉकरमध्ये सोनं नाही, हे तुला ठाऊक, मला ठाऊक. आत मास्टर आहे. तू हातानं घासून घासून केलेली ती पोलादी पिन, जिच्या मापावर आपण वीसएक वर्षं तीनचाकीच्या गिअरच्या पिना केल्या. शेडच्या भिंती पत्र्याच्या, मास्टर चोरीला गेला तर धंदाच गेला, म्हणून तो बँकेत ठेवायचा ही अक्कल तुझी. दोघं हजर असल्याशिवाय लॉकर उघडायचा नाही ही अट माझी. चावी तुझ्याकडे, पावती माझ्याकडे. मारुतराव साहेब हसले होते तेव्हा. म्हणाले, नवरा-बायकोसुद्धा इतकी अट घालत नाहीत.

फोडणार म्हणजे ड्रिल घालणार. ड्रिलचा कीस आत उडाला आणि मास्टरवर एक ओरखडा उठला, की ती पिन टेबलावर कागद दाबायला ठेवायची. हे तुला शिकवायला नको.

मी पावती घेऊन गेलो. काउंटरवर मिनल मॅडम म्हणून आहेत, वयानं माझ्या सुनेएवढ्या. पावती त्यांनी हातातही घेतली नाही. म्हणाल्या, "सर, जॉइंट आहे. दोघांनी सोबत यायचं आणि चावी आणायची."

"भागीदार मिरजेला असतो," मी म्हणालो.

"मग त्यांना बोलवून घ्या ना सर. नेक्स्ट."

नेक्स्ट म्हणताना त्यांनी मान वर केली नाही.

तर तू येण्याची गरज नाही. चावी कुरिअरनं पाठव आणि सोबत सहीचं अधिकारपत्र दे. मी बघून घेतो.

बुद्धरत्न ओव्हाळ

ता.क. वहिनींचे गुडघे कसे आहेत, हे सावित्री विचारते आहे. मी विचारत नाही.


भोसरी,
१ सप्टेंबर २०२५

नवाब,

चावी आली नाही. पत्र पोचल्याचं मला कळलं आहे, कारण वहिनींनी सावित्रीला फोन केला होता. तू नमाजाला गेल्यावर केला असणार. फोन स्पीकरवर होता, म्हणून मी ऐकलं, कान लावून नाही.

त्या म्हणाल्या, "ताई, चावी त्यांच्या शर्टाच्या खिशात असते बघा. कापडं धुवायला टाकताना आधी चावी काढत्यात, मग शर्ट देत्यात. इचारलं तर म्हणत्यात, असू दे, लोखंडाचं हाय, गंजंल."

सहा वर्षं खिशात. आणि मला म्हणे त्याच्याशी काही घेणंदेणं नाही.

असो. अधिकारपत्राचं मी विचारून आलो. चालत नाही. म्हणजे तू पाठवलं असतंस तरी उपयोग नव्हता, तेव्हा न पाठवल्याचं पुण्य तुझ्या नावावर लिहू नकोस.

त्या दिवशी काय झालं ते ऐक. टोकन घेतलं. टोकनचं मशिन दारातच आहे, त्याला तीन भाषा येतात आणि एकही समजत नाही. मग रांगेत उभा राहिलो. रांगेचा कठडा तोच आहे, आपला. शाखा उघडली तेव्हा मारुतराव साहेबांकडे बजेट नव्हतं, म्हणून आपण पाइप वाकवून करून दिला होता. पैसे घेतले नाहीत, पावती केली नाही, नुसते 'वापरा' म्हणालो. कोपऱ्यातल्या जोडावर तुझी वेल्डिंग अजून दिसते, जाड आणि वेडीवाकडी. वेल्डिंग तुला कधीच जमली नाही.

तासाभरानं माझा नंबर लागला तेव्हा सर्व्हर डाउन. मला बाजूला बसवलं. तिथं थंडी अशी की दात वाजावेत. आठवतं ना, बँका एक झाल्या तेव्हा सगळं नवं केलं होतं, लॉकरच्या खोलीतसुद्धा एसी बसवला होता. तू म्हणाला होतास, इथं मेलेला माणूस ठेवला तरी चार दिवस टिकेल. तो एसी अजून तसाच आहे.

बसल्या जागी एका पोरसवदा माणसानं येऊन मला विमा विकायचा प्रयत्न केला. मी वय सांगितलं, तेव्हा आपणहून उठून गेला. त्याचं मला वाईट वाटलं नाही. मिनल मॅडमचं वाटलं. त्यांना मी नीट समजावत होतो, की फोडू नका, ड्रिल लावू नका, आतली वस्तू नाजूक आहे. त्यांनी विचारलं, काय आहे आत? बँकेला विचारायचा हक्क नाही, पण मी सांगितलं. लपवायचं काय त्यात.

"लोखंड?" त्या हसल्या. वाईट हसल्या असं नाही, पण शेजारच्या मॅडमकडे बघून हसल्या. "सर, लॉकरमध्ये लोखंड? लोक इथं दागिने ठेवतात. आमच्याकडे वेटिंग आहे लॉकरला."

मी पावती घडी घालून खिशात ठेवली. तुला माझा स्वभाव माहीत आहे, तेव्हा नुसती पावती खिशात ठेवली म्हणजे किती लागलं असेल ते समजून घे. आपण दोघांनी आयुष्यभर जे केलं, ते त्या बाईच्या दृष्टीनं भंगार. मॅनेजर साहेबांना भेटतो म्हणालो, तर साहेब मीटिंगमध्ये. काचेतून दिसत होते. मोबाईल बघत होते.

बाहेर पडताना रखवालदार ज्योतीरामनं सलाम केला. तोच एक जुना उरला आहे. म्हणाला, "बुद्धरत्न भाऊ, नवाबभाई न्हाई आले? दर खंडेनवमीला जोडीनं यायचा तुमी."

येत होतो खरं. खंडेनवमीला सगळी भोसरी मशिनांना हार घालते. तुझ्याकडे पूजा नाही, माझ्याकडे देव नाही. मग आपण दोघं स्कूटरवर बसून बँकेत. मास्टर बाहेर काढायचा, शेडमधली रोजच्या वापरातली मापाची पिन, आपलं गेज, त्याच्याशी लावून बघायचं, माप बरोबर असेल तर परत थैलीत घालून ठेवायचा आणि पिंपरीत भेळ खाऊन घरी. सावित्री म्हणायची, लोकांचे देव देवळात, तुमचा लॉकरमध्ये.

ज्योतीरामला मी सांगितलं, येणार आहे नवाब. खोटं बोललो. आता तू ते खरं कर किंवा करू नकोस.

बुद्धरत्न


भोसरी,
१३ सप्टेंबर २०२५

नवाब,

तुझं कार्ड मिळालं. सहा वर्षांनी लिहिलंस आणि एवढंच लिहिलंस: 'मास्टर खरा होता का खोटा, ते आधी लिही. मग चावीचं बघू.' ना सलाम, ना सही. पन्नास पैशांचं कार्ड आहे म्हणून शब्दही मोजून वापरायचे का?

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. ऐकायला बरं वाटेल असं काही लिहून चावी मागवून घेता आली असती. सावित्री म्हणाली, लिही ना 'खरा होता', तुमचं काय जातंय. पण मापाच्या बाबतीत मी आजवर खोटं बोललेलो नाही, तुझ्याशी तर नाहीच.

झालं काय होतं ते मी माझ्या बाजूनं मांडतो, कारण तुझी बाजू तू त्या दिवशी सगळ्या शेडसमोर मांडलीस. चाकणच्या कंपनीनं आपला अख्खा लॉट परत पाठवला. पिना सैल बसतात म्हणाले. तू म्हणालास, माझा मास्टर बरोबर आहे, त्यांचं माप झिजलेलं असेल, लॉट परत घ्यायचा नाही. मी लॉट परत घेतला. त्यांच्या नमुन्याबरहुकूम सगळ्या पिना नव्यानं केल्या आणि वेळेत पोचवल्या. मी तुझा मास्टर खोटा आहे असं म्हणालो नव्हतो. गिऱ्हाईक म्हणतंय ते करून द्यायचं, एवढंच म्हणालो. बारा माणसांचे पगार होते. तू हातातली कानस खाली ठेवलीस, हात धुतलेस आणि म्हणालास, "माझ्या हाताला तू खोटं पाडलंस." मी थांब म्हणालो नाही, कारण तू थांबशील अशी माझी खात्री होती. चावी तुझ्या खिशातच राहिली.

आता गंमत बघ. तेव्हा मी गिऱ्हाईकासमोर मान तुकवली, कारण गिऱ्हाईक म्हणजे राजा. आज बँकेत गिऱ्हाईक मी आहे. राजा बाजूला बसला आहे, सर्व्हर डाउन आहे आणि राजाचं लोखंड ऐकून दोन मॅडम हसताहेत. मला तिथं बसून फार राग आला. मग घरी येताना वाटेतल्या पुलावर स्कूटर थांबवली आणि विचार केला, मला नेमकं हवं काय होतं? मिनल मॅडमनं 'तुमचंच खरं' म्हणावं, असं मला मुळीच नको होतं. नियम असेल तर असू दे. पावती हातात घेऊन एकदा बघावी, आणि हा माणूस एवढा कशासाठी तळमळतो आहे ते विचारावं. तेवढंच.

हे मी बँकेबद्दल लिहितो आहे. तू त्यात दुसरं काही वाचू नकोस.

माझा प्रस्ताव असा. तू चावी घेऊन ये. मास्टर काढू. चाकणला दौलतरावांनी मापाची प्रयोगशाळा टाकली आहे, मोठमोठ्या कंपन्यांची गेजं तिथं तपासायला येतात. तिथं मोजून घेऊ. खोटा निघाला तर भेळ तुझ्याकडून. खरा निघाला तर त्या दिवशी ज्या ज्या माणसासमोर तू हात धुतलेस, त्या प्रत्येकाला बोलावून मी ते सांगेन. दोघांपैकी काहीही निघालं तरी मास्टर ड्रिलखाली जाणार नाही.

उत्तर कार्डावर चालेल. शब्द मोजून वापर, हरकत नाही.

बुद्धरत्न


भोसरी,
२४ सप्टेंबर २०२५

नवाब,

'सोमवारी येतो.' दोन शब्द. तुझी प्रगती आहे.

आता सोमवारचं कसं ठरलं ते सांगतो, कारण ते सहज ठरलेलं नाही. तुझं कार्ड घेऊन मी बँकेत गेलो. मिनल मॅडम म्हणाल्या, सोमवारी लॉकर बंद, सामान हलवायची तयारी आहे, मंगळवारी या. मंगळवारी तीस तारीख, त्या दिवशी फोडणारे लोक येणार. मी म्हणालो, माणूस मिरजेहून येतोय, गुडघ्यांनी अधू बायकोला शेजाऱ्यांवर सोपवून येतोय, एकाच दिवसासाठी. तर म्हणाल्या, "सर, सिस्टीम अलाउ करत नाही." मॅनेजर साहेब काचेत, मोबाईल बघत.

मी घरी गेलो नाही. स्कूटरच्या डिकीतून पाना काढला, परत आत आलो आणि रांगेच्या कठड्याचे बोल्ट सोडायला बसलो. जमिनीवर मांडी घालून, शांतपणे. बोल्ट मीच आवळलेले होते, कुठला कसा सुटतो मला पाठ. पहिला सुटला, दुसरा सुटला. रांगेतली माणसं आपणहून सरकून जागा द्यायला लागली. ज्योतीराम बघत होता, पण आडवा आला नाही. नुसता म्हणाला, "भाऊ, सावकाश. पाइप पायावर पडंल."

तिसऱ्या बोल्टला मॅनेजर साहेब बाहेर आले. पळत आले.

"काका, काय करताय हे?"

"शाखा हलते आहे ना? तुम्ही तुमचं सामान हलवा, मी माझं हलवतो."

"हे बँकेचं आहे."

"पावती दाखवा," मी म्हणालो. "आमच्याकडनं वापरायला दिलेलं आहे. शाखा उघडली त्या दिवसापासून तुमची माणसं आमच्या पाइपला धरून सरळ उभी आहेत. आम्ही दोघं भागीदार. आमची वस्तू तुमच्याकडे आहे, एक बाहेर आणि एक आत. आतली सोमवारी द्या, बाहेरची ठेवून घ्या. नाहीतर दोन्ही आजच नेतो."

साहेबांनी कठड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. एवढ्या वर्षांत बँकेतल्या माणसानं माझ्याकडे असं नीट बघितलं ते त्या दिवशी. आत बोलावलं, चहा मागवला. मला कसलं तरी सोनेरी कार्ड द्यायला निघाले, विशेष ग्राहक म्हणून. ते मी टेबलावरच ठेवलं. सोमवारी अकराची वेळ त्यांनी कागदावर लिहून सही करून दिली. मी तीनही बोल्ट परत आवळले आणि निघालो. काम अर्धं टाकून जायची आपली पद्धत नाही.

सावित्री म्हणते, या वयात पोलीस आले असते तर. आले असते तर त्यांनाही कठडा दाखवला असता.

स्वारगेटला घ्यायला येऊ का, ते वहिनींकडून कळव. शर्ट बदललास तर चावी नव्या शर्टाच्या खिशात टाकायची आठवण ठेव.

बुद्धरत्न


भोसरी,
३ ऑक्टोबर २०२५

नवाब,

तू स्वारगेटला घ्यायला येऊ दिलं नाहीस, जेवायला घरी आला नाहीस. सावित्रीनं तुझ्यासाठी केलेला खिमा-पाव प्रितमनं आणि मी दोन दिवस खाल्ला. बँकेत आपण किती बोललो? तू म्हणालास, "सही कुठं करू?" आणि मी म्हणालो, "इथं." सहा वर्षांचं भांडण आणि एवढंच बोलणं. मला ते फार लागलं, हे लिहूनच टाकतो, समोर बोलता आलं नाही म्हणून.

पण लॉकर उघडला, वहिनींनी शिवलेली ती हिरव्या मखमलीची थैली तू उचललीस, आणि तुझा हात मी बघितला. बाळाच्या डोक्याखाली हात घालावा तसा घातलास. मग म्हणालास, "काय गार हाय रे." ते तू मला म्हणाला नव्हतास, मास्टरला म्हणाला होतास. थैली माझ्या हातात दिलीस, 'मोजून झालं की लिही' म्हणालास आणि चार वाजायच्या आत परतीच्या एसटीला गेलास. मोजताना तू थांबला नाहीस, कारण तुला भीती वाटत होती. मलाही वाटत होती.

आता ऐक. मी सरळ चाकणला दौलतरावांकडे गेलो. तिथल्या माणसानं मास्टर काळ्या दगडाच्या टेबलावर ठेवला आणि मशिनला हातच लावला नाही. म्हणाला, संध्याकाळपर्यंत बसू दे. मी विचारलं, का? म्हणाला, काका, बाहेरून आलेला आहे, खोलीएवढा गार-गरम होऊ दे, मग मोजू.

नवाब, हे तुला-मला नवं आहे का? लोखंड तापलं की फुगतं, गारठलं की आकसतं, हे आपण पोरं ठेवली त्यांना पहिल्या दिवशी सांगायचो. पण तो माणूस 'बसू दे' म्हणाला आणि मी तिथल्या बाकावर खाली बसलो. मला तुझं ते 'काय गार हाय रे' ऐकू आलं.

आठव. वीस वर्षं लॉकरच्या खोलीत पंखा होता. आत जेवढं उकडायचं तेवढंच बाहेर. मास्टर आणि गेज दोघं सारखेच तापलेले, म्हणून माप जुळायचं. मग बँका एक झाल्या आणि एसी आला. त्याच वर्षी आपण खंडेनवमीला गेलो. मास्टर रात्रंदिवस थंडीत राहून गारठलेला. आपलं गेज ऑक्टोबरच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत तापलेलं. आपण नेहमीसारखे लगेच मापाला बसलो, कारण तुला थंडी सोसत नव्हती आणि मला भेळेची घाई होती. गेज मोठं भरलं. वीस वर्षांत पहिल्यांदा. तू तिथंच लॉकरच्या खोलीत मांडीवर घेऊन ते घासत बसलास, ज्योतीराम दारात उभा राहून बघत होता. घासून मास्टरला मिळवलंस. मी म्हणालोसुद्धा, "गेज वापरून झिजतं, वाढतं कधी?" दोघंही हसलो आणि विसरलो. उत्तर आपल्या तोंडात होतं आणि आपण वर भेळ खाल्ली.

ते गेज शेडमध्ये आलं आणि निवलं, तेव्हा मापाला बारीक झालं होतं, केसाच्या दहाव्या हिश्शाएवढं. त्या गेजावर आपण अख्खा लॉट केला. पिना सैल बसणारच.

संध्याकाळी मोजलं. तुझा प्रश्न होता, मास्टर खरा का खोटा. खरा. इतका खरा, की त्या माणसानं दोनदा मोजला आणि विचारलं, कुठल्या मशिनवर केलाय? मी म्हणालो, भागीदाराच्या हातावर. तो परत वाकून मास्टर बघायला लागला. मला तेव्हा रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मास्टर खरा होता, कंपनीचा माणूसही खरा होता. चुकलो ते आपण दोघं, आणि तेही एकाच खोलीत, एकाच वेळी, शेजारी शेजारी बसून. इतकी वर्षं तू एकटा बरोबर होतास आणि मी एकटा बरोबर होतो. आता दोघंही मिळून चूक आहोत, आणि मला किती हलकं वाटतंय म्हणून सांगू.

परवा खंडेनवमी होती. कबूल केल्याप्रमाणे जुन्या माणसांना बोलावलं. सहाजण आले, हिंदुरावही आले. सगळ्यांना सांगितलं, नवाबचा हात खरा होता. एसीचं सांगितलं, तेव्हा हिंदुराव इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. म्हणाले, "आरं राव, बँकेनं सहा वर्षं तुमच्या भांडणावर भाडं खाल्लं की."

मास्टर आता शेडमध्ये आहे, थैलीसकट, माझ्या टेबलाच्या खणात. पत्र्याच्या भिंती गेल्या, पक्क्या आल्या. उकडतं, पण सगळ्यांना सारखंच उकडतं.

शेवटचं. आज मी बँकेत गेलो होतो, मोशीच्या नव्या इमारतीत. शेडचं खातं बंद करायचा अर्ज दिला, प्रितमनं दुसरीकडं उघडलं आहे. गल्लीतले आणखी आठ-नऊजण माझ्या मागोमाग निघाले आहेत, मी कुणाला सांगितलं नव्हतं. कठडा तिथं पोचला आहे, आपल्या वेड्यावाकड्या वेल्डिंगसकट. काचेच्या इमारतीत तो फार चांगला दिसतो, म्हणून राहू दिला. मॅनेजर साहेब उठून उभे राहिले. मी म्हणालो, रिकामा लॉकरही परत घ्या. मिनल मॅडमनी या वेळी पावती हातात घेतली, दोन्ही बाजूंनी नीट वाचली आणि ओशाळून म्हणाल्या, "सर, बंद करायलाही दोघंच लागतात. सोबत. चावी घेऊन."

एकोणतीस वर्षांत बँकेचा एक नियम मला पहिल्यांदाच पटला. मी त्यांना म्हणालो, काही घाई नाही मॅडम, येऊ आम्ही.

चावी तुझ्याच खिशात आहे. वहिनींना घेऊन ये, गुडघ्यांना वरचा मजला नको म्हणून खालच्या खोलीत पलंग टाकून ठेवला आहे. भेळेचे पैसे दोघांनी निम्मे निम्मे द्यायचे.

तुझा भागीदार,
बुद्धरत्न